एकोणनव्वदची भावकी

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, कंपनी कुठली तेही विचारलं नाही. अंगणात बाजेवर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वर न बघताच म्हणाले, "साल कुठलं?"

मला वाटलं, नोकरीला कधी लागलो ते विचारतायत. म्हटलं, "गेल्याच महिन्यात लागलोय."

"नोकरीचं नाही हो. जन्माचं."

"चाळीस."

त्यांनी दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून टरफलं उडवली आणि म्हणाले, "चाळीसचा माल अजून भट्टीत आहे. काय निघतंय ते कळायला वेळ लागेल. तुम्ही कोपऱ्यातली खोली घ्या. गाडीचा आवाज येतो, पण वारा आहे."

अशी मला कासारवाडीत खोली मिळाली. रुळांच्या कडेला त्यांची एका ओळीत सहा खोल्यांची पत्र्याची चाळ होती, आणि टोकाला त्यांचं स्वतःचं दोन खणी घर. त्या वेळी पिंपरीपासून चिंचवडपर्यंत माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, आणि त्यातली निम्मी माणसं माझ्यासारखी कुठून कुठून आलेली असायची. मी सोलापूरकडचा. पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. शेजारच्या खोलीत लातूरकडचा एक फिटर होता. त्याला आल्या आल्या म्हणे त्यांनी सांगितलं होतं, "अडतीसचे तुम्ही? अडतिसात काही दम नाही." तो बिचारा कितीतरी दिवस खट्टू होता.

आसपास सगळे त्यांना देवीडॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. लोकल बोर्डाच्या नोकरीत त्यांनी सारा जन्म गावोगाव फिरून देवीची लस टोचली होती. चाकण-खेडपासून खाली मावळापर्यंत त्यांचा मुलूख. आधी तट्टावरून, मग सायकलवरून. त्या भागातल्या कितीतरी माणसांच्या दंडावर त्यांच्या हातचे वण होते, आणि डॉक्टरांना त्याचा अभिमान होता. एकदा पंचायतीचा एक मोठा पुढारी मोटारीतून आला आणि जमिनीबद्दल काहीतरी जोरात बोलायला लागला. डॉक्टरांनी त्याला शांतपणे बाही वर करायला लावली. दंडाकडे बघून म्हणाले, "माझ्याच हातचा आहेस. तेव्हाही असाच ओरडत होतास." पुढारी हसायला लागला आणि चहा पिऊन गेला.

टोचण्याची त्यांची रीत निराळी होती, असं जुनी माणसं सांगत. टोचणारा आला की गावातल्या बाया पोरं घेऊन ज्वारीत, उसात नाहीतर मक्यात लपायच्या. बाकीचे टोचणारे पोलीसपाटलाला घेऊन शेतात शिरायचे आणि पोरांना ओढून काढायचे. डॉक्टर कधी शेतात शिरले नाहीत. बांधावर बसायचे. खिशातल्या भाजलेल्या शेंगा काढून फोडत राहायचे, एखादी लांबलचक गोष्ट मोठ्यानं सांगत राहायचे, आणि अगदी रंगात आली की थांबायचे. मग ज्वारी हलायची. आधी एक पोर बाहेर यायचं, मग दुसरं, मग पदर सावरत आया. वरचे साहेब चिडायचे, की एका गावाला हा माणूस दोन-दोन दिवस लावतो. डॉक्टरांवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या सालाबद्दल.

त्यांचा जन्म अठराशे एकोणनव्वदचा. शाळेच्या दाखल्यावर जून महिना होता, म्हणजे ज्येष्ठ. त्या एका सालात जगात किती थोर माणसं जन्मली, याची त्यांना एवढी माहिती होती की आम्ही थक्क व्हायचो. देशाचे पंतप्रधान त्याच सालचे. मुक्या सिनेमातला तो टोपी-छडीवाला नटही त्याच सालचा. पॅरिसचा उंच लोखंडी मनोरा माणूस नसला तरी त्याच साली उभा राहिला म्हणून त्यालाही घेतलेला. या सगळ्यांची वर्तमानपत्रातून, कॅलेंडरवरून कापलेली चित्रं त्यांनी घराच्या भिंतीवर खळीनं चिकटवली होती. नवीन माणूस घरी आला की ते या सगळ्यांची ओळख करून देत, जशी आपण घरातल्या माणसांची करून देतो तशी.

"हे माझे सालभाऊ," ते म्हणायचे. "एका गुरूच्या हाताखाली शिकले ते गुरुभाऊ. एका सालानं जगात लोटले ते सालभाऊ."

भिंतीवर एक चित्र मात्र उलटं चिकटवलेलं होतं, पाठ बाहेर करून. फिटरनं एकदा त्याबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तो जर्मनीतला. ज्यानं लाखो माणसं मारली. त्याच सालचा, त्याला काय करणार?"

"मग फाडून टाका की."

"तसं कसं? भावकीत एखादा वाईट निघतो. त्याला आपण जेवायला बोलवत नाही. पण सुतक चुकत नाही."

एकदा पुण्याला त्या छडीवाल्या नटाचा जुना सिनेमा लागला होता. आम्ही दोघं-तिघं डॉक्टरांना मुद्दाम घेऊन गेलो. थेटर हसून हसून फुटायची वेळ आली. डॉक्टर गंभीर. नट केळ्याच्या सालीवरून घसरला, मालकाची लाथ खाल्ली, पोलिसानं पिटाळला, तरी यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आवडला नाही का?"

ते म्हणाले, "घरच्या माणसाला चारचौघांत पडताना बघून हसू येत नाही रे."

तोपर्यंत ते मला अरे-तुरे करायला लागले होते.

पंतप्रधान कार्तिकातले, म्हणजे यांच्यापेक्षा पाचेक महिन्यांनी लहान. त्यामुळे डॉक्टर त्यांना 'धाकटे' म्हणत. रेडिओवर भाषण लागलं की ऐकायचे आणि म्हणायचे, "धाकटे बोलतात छान, पण दमतात फार. कुणीतरी सांगायला पाहिजे." चीनच्या लढाईनंतरचा पंतप्रधानांचा फोटो पेपरात आला तेव्हा तो त्यांनी बराच वेळ डोळ्यांसमोर धरला होता. "एका वर्षात केवढे म्हातारे झाले," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात एका दुपारी स्टेशनजवळच्या हॉटेलात रेडिओवर बातमी आली की पंतप्रधान गेले. मी कंपनीतून सुटलो तो सरळ चाळीत आलो. डॉक्टर आडावर थंड पाण्यानं आंघोळ करत होते. मग ओल्या पंचानं ओसरीवर येऊन जमिनीवर बसले. पुढचे दहा दिवस ते बाजेवर झोपले नाहीत, गोड खाल्लं नाही, दाढी केली नाही.

फिटर त्यांच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "डॉक्टर, ते तुमचे कोण लागत होते म्हणून सुतक धरलाव?"

 डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "धाकटा आधी गेला की कसं वाटतं, ते तुम्हा पोरांना कळायचं नाही."

आम्ही खोलीत जाऊन हसलो, हे खरं. पण रात्री ओसरीवरून जाताना ते कांबळ्यावर जागे पडलेले दिसायचे, आणि मग हसू यायचं नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा रेल्वेत, तिकडे नागपूरला. भिंतीवरची माणसं हीच त्यांची जाग होती.

दहा दिवस झाल्यावर ते एका सुट्टीच्या सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सायकलीत हवा आहे का?"

"आहे की. कुठे जायचंय?"

"मोठी माणसं एकेक करून चाललीत. आपल्या भागात एकोणनव्वदचं कोण शिल्लक आहे, ते तरी बघू."

त्या पावसाळ्याआधी आणि नंतर आम्ही सुट्ट्यांमधून पुष्कळ गावं फिरलो. पंच्याहत्तरीचा माणूस, पण सायकल माझ्यापुढे. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आपलं साल कुठलं ठाऊक असणार? पण डॉक्टरांची युक्ती होती. ते विचारायचे, "प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घातल्या होत्या, तेव्हा तुम्ही कडेवर होतात, की गुरं राखायला जात होतात?" कडेवर म्हटलं की माणूस बाद. गुरं राखायला म्हटलं की पुढचा प्रश्न. पुढचे दात पडून आले होते का? मोट हाकायला हात पुरत होता का? असं करत करत ते माणसाला त्याच्या सालापर्यंत आणून सोडायचे. तो म्हातारा चकित होऊन बघत राहायचा, की आपल्याला एवढ्या वर्षांनी साल मिळालं.

चाकणला असा एक पैलवान मिळाला. कान दुमडून वाळक्या वांग्यासारखे झालेले, मान खांद्यात गेलेली, पण पंजा अजून फावड्याएवढा. कांद्याच्या बाजारात पडवीला बसलेला असायचा. डॉक्टरांनी त्याला तो एकोणनव्वदचा आहे असं सांगून मिठीच मारली. पैलवान म्हणाला, "आसंल बाबा. तुमी शिकल्याली मानसं." वाकडला एक सुईण मिळाली, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. आणखी दोन-तीन म्हाताऱ्या, एक देवळातला गुरव. थोर म्हणावं असं कुणी नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरांची निराशा होईल. पण परत येताना ते म्हणाले, "पैलवानानं आयुष्यात पाठ लागू दिली नाही. त्या बाईच्या हातात एक बाळंतीण दगावली नाही म्हणते. आणि थोर म्हणजे काय वेगळं असतं?"

त्या वर्षी मार्गशीर्षात त्यांनी सालभावांना जेवायला बोलावलं. दुपारचं जेवण, अंगणात मांडव, पुरणपोळी आणि वर तूप. चाळीतले आम्ही सगळे वाढायला. ताथवड्याहून त्यांची थोरली बहीण आक्का नातवाच्या बैलगाडीतून आली; लग्नानंतरही ती माहेरच्याच घरात राहिली होती. आक्का डॉक्टरांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, अगदी वाळलेली, पण ताठ. ती भावाकडे फारशी येत नसे. डॉक्टरच भाऊबीजेला तिच्याकडे जात. या वेळी त्यांनी गळ घातली होती, "तुझ्या भावाच्या सालाची माणसं तरी बघून जा."

पंगत बसली. सुईण आणि आक्का शेजारी-शेजारी. म्हाताऱ्या बायकांचं असतं तसं गावाचं, घराचं विचारणं सुरू झालं.

"ताथवड्याची व्हय तुमी? कंचं घर?"

आक्कानं घर सांगितलं.

"वढ्याच्या अंगाचं? चिंचंखालचं?" सुईणीचा चेहरा उजळला. "आवो, माझी आय बी सुईनच, ती तितं गेली व्हती बाळंतपन कराया. मी पोटात व्हते तिच्या. सांगायची, वाकता येत न्हवतं पर पोरगा सोडवला. लई गोजिरा व्हता म्हनायची." मग तिनं तुपाची वाटी घेऊन पंगतीतून येणाऱ्या डॉक्टरांकडे बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पर त्यो पोरगा देवीत गेला म्हनायची. मंग ह्ये? आयचंच कायतरी चुकलं आसंल."

तिच्या मनात काहीच नव्हतं. आक्कानं "चुकलं असंल" म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण आक्काचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "न्हाई चुकलं तुज्या आयचं. त्यो गेला. ह्यो त्याच्या पाठचा. दोन वर्सांनी झालेला."

डॉक्टर तिच्या पानासमोर उभे होते. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग साल?"

"तुला शाळंत घालाया न्हेला तवा मास्तरानं बापाला इचारलं, साल कंचं. बापाला त्येच एक साल ठावं व्हतं. पयल्या ल्योकाचं साल कोन इसरतंय? नाव बी त्याचंच तुला ठिवल्यालं. साल बी त्याचंच सांगून आला."

 मागं मालगाडी चालली होती, तिचे डबे खडखडत गेले.  डॉक्टर पुढच्या पानाशी वाकले. "पैलवान, तूप घ्या. पोळी कोरडी खाऊ नका," म्हणाले. आणि शेवटच्या पानापर्यंत तूप वाढत गेले.

त्यानंतर ते बाजेवर बसेनासे झाले. पेपर ओसरीवर घडी न मोडता पडून राहायचा. भिंतीवरची चित्रं त्यांनी काढली नाहीत, पण दिवा भिंतीपासून लांबच्या कोनाड्यात ठेवायला लागले. एक खोली रिकामी झाली होती, ती बघायला एक मुलगा आला. आम्ही कान देऊन होतो. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "नाव काय तुमचं?"

फिटर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आता काही खरं न्हाई."

संध्याकाळी मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो.  तेच म्हणाले, "एवढी वर्षं दुसऱ्याच्या पानावर बसून जेवलो रे. आणि ज्याचं पान, त्याचं नावही मला कुणी सांगितलं नाही." मग स्वतःशीच कडवट हसले. "सांगणार काय? माझंच नाव."

मी म्हटलं, "आक्कांना विचारू या का, तो कसा होता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे विचारता येतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही ताथवड्याला गेलो. आता तिकडे सिमेंटच्या इमारती उठल्या आहेत असं ऐकतो. तेव्हा सगळं रान होतं आणि ज्वारी डोक्याएवढी आली होती. कणसात दाणा भरत होता. आक्का ओसरीवर धान्य निवडत बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, "आक्का, त्याला कुठं पुरला?"

ती उठली. काठी घेऊन पुढे, मागे आम्ही. शेताच्या कडेला बांधावर एक बोरीचं झाड होतं. त्याच्या बुडाशी थांबून तिनं काठी टेकली. तिथं खूण काही नव्हती, नुसतं गवत.

डॉक्टर खाली बसले. "कसा होता?"

"तुज्यावानी बडबड्या न्हवता. गप हसायचा. बैलाच्या गळ्यातली घुंगरं हालवली की हात पुढं करायचा." आक्का उभीच होती. काठीनं गवत बाजूला सारत म्हणाली, "म्याच त्याला मारला."

डॉक्टरांनी मान वर केली.

"आशीच जवारी व्हती. टोचनारा आला म्हनून गावात दवंडी झाली. आय पोटुशी, तू पोटात. तिला पळवत न्हवतं. मला म्हनली, पोराला घिऊन जवारीत बस, सांच्यापारी ये. त्यो रडाया लागला की म्या तोंडावर हात ठिवायची. मंग कनीस मोडून हुरडा चोळून दिला. एकेक दाना खात गप बसला. टोचनारा आमच्या पुढनं गेला, त्याचं पायतान म्या बघितलं. घरी आलो तवा आय म्हनली, गुनाची पोर गं माझी. आन चैतात देवी आल्या."

 वाऱ्यानं ज्वारीची पानं वाजत होती.

"मला कुनी कायबी बोललं न्हाई. आय न्हाई, बाप न्हाई. येकदा कुनी बोललं आसतं तर बरं झालं आसतं. आन पुढं तूच टोचाया लागलास. समद्या गावाला आनंद. मला तुज्या दारात याया नगं वाटायचं."

डॉक्टर उठले. धोतराचं गवत झटकलं. बहिणीच्या समोर उभे राहिले आणि कचेरीत साहेबाला सांगावं तशा ठाम आवाजात म्हणाले, "आक्का, तुला त्यातलं काही कळत नाही. त्या काळातली लस म्हणजे काय होती, मला विचार. उन्हातान्हातून गावोगाव फिरवून पार मेलेली असायची. टोचलं तरी निम्म्या पोरांना लागायची नाही. तू त्याला घेऊन टोचणाऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली असतीस, तरी व्हायचं ते झालंच असतं."

"खरं सांगतूस?"

"जन्म गेला माझा त्यात. मला नाही कळणार, तर कुणाला?"

आक्कानं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग खाली बसली, बांधावर, पाय पसरून, आणि कणीस मोडून हातात चोळायला लागली. आम्हा दोघांना तिनं हुरडा दिला. आम्ही तिथं बसून खाल्ला.

परत येताना वाकडच्या पुढं चढ लागला, तेव्हा डॉक्टर सायकलवरून उतरले. चालता चालता म्हणाले, "हुरड्याचे दिवस म्हणजे थंडीचे. थंडीत लस खराब होत नाही."

मीही उतरून त्यांच्याबरोबर सायकल ढकलत होतो.

"तिला कधी बोलू नकोस," म्हणाले आणि पुन्हा सायकलवर बसले.

त्या रात्रीपासून ते परत बाजेवर झोपायला लागले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. फिटरला राहवेना. तो म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्ही एक्क्याण्णवचे. त्या सालातबी कोणी मोठी माणसं झाली असतीलच. शोधू की."

"झाली असतील. मला बघायची नाहीत," डॉक्टर म्हणाले. "या वयात भावकी बदलत नसते. सालभाऊ तेच. फक्त मी आता धाकटा."

आणि ते खरोखरच धाकटे झाले. भिंतीवरच्या पंतप्रधानांना 'थोरले' म्हणायला लागले. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा पंगत बसली, तेव्हा त्यांनी आधी सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, सुईणीच्यासुद्धा. ती बिचारी लाजून पदर तोंडाला लावून बसली. पैलवानाला ते 'दादा' म्हणत. पंगतीत एक पान जास्त मांडलेलं असायचं, त्यावर थोडा हुरडा. ते कुणाचं, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर मात्र वाढून झाल्यावर शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवायचे, आणि गुळाचा खडा मागून घ्यायचे. आधी त्यांच्या बोलण्यात एक थोरलेपणाचा ताठा असायचा. तो गेला. मला वाटतं, त्या पाच-सहा वर्षांत ते जितके हसले तितके आधी हसले नसतील. आक्काही येऊ लागली. आली की महिना महिना राहायची, आणि दोघं ओसरीवर बसून भांडायची.

पुढं माझं लग्न झालं. चिंचवडला बिऱ्हाड केलं. चाळ सुटली, पण येणं-जाणं राहिलं. आक्का एका उन्हाळ्यात झोपेतच गेली. त्याच्या पुढच्या थंडीत डॉक्टर आजारी पडले. छातीत कफ, पायांवर सूज. मुलगा-सून नागपूरहून येऊन राहिली होती. मी सुट्टीच्या सकाळी भेटायला गेलो, तर अंगणात पैलवान उभे. चाकणहून एस्टीनं नाशिक फाट्याला उतरून, काठी टेकत टेकत एकटेच आले होते.

त्यांना बघून डॉक्टर बाजेवरून उठायला लागले. पाया पडायचं होतं.

पैलवानांनी तो फावड्याएवढा पंजा त्यांच्या छातीवर ठेवला. "उठायचं न्हाई."

"दादा, एवढ्या लांबून आलात. चहा तरी... सूनबाईला हाक मारतो..."

"थोरल्याच्या म्होरं लई बोलू नगं," पैलवान म्हणाले. "गप पड. डोळं मीट."

डॉक्टरांना असं कुणी दटावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना राग येईल. पण त्यांच्या चेहऱ्यावर मार चुकलेल्या लहान पोरासारखं हसू आलं. त्यांनी खरोखरच डोळे मिटले. पैलवान बाजेच्या कडेला टेकले. हात तसाच ठेवला होता. श्वासाबरोबर तो वर-खाली होत होता.

बऱ्याच वेळानं, डॉक्टरांना डोळा लागला असं दिसल्यावर, पैलवान माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "माजं साल त्येनंच ठरिवलं. मला म्हनशील तर काय ठावं न्हाई. कदाचित मीच ल्हान आसन. पर थोरला म्हनतोय न्हवं, म्हनू दे."

आणि त्यांनी हात काढला नाही.